उसनं रडू

छबुबाईनं जागा धरली नव्हती. बीडच्या बसस्थानकावर गेवराईची गाडी लागली तेव्हा गर्दी नेहमीचीच होती, ढकलाढकलीही नेहमीचीच, आणि छबुबाई नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी आत शिरलीही होती. अंगानं बारीक, कोपरं टोकदार. दारातल्या झोंबाझोंबीत तिच्यापुढं भल्याभल्या पुरुषांचं काही चालत नाही. एरवी दवाखान्याच्या, कचेरीच्या कामाला दोघी बीडला आल्या की ती अशीच आत शिरून खिडकीतून मान बाहेर काढायची आणि अख्ख्या स्थानकाला ऐकू जाईल असं ओरडायची, "भाभी, या हिकडं, जागा धरलीय!" मग खतीजा सावकाश चढायची. आपल्यासाठी कुणीतरी धडपडतंय हे सुख पायऱ्या चढता चढता उपभोगत चढायची, खरं सांगायचं तर. आत शेजारच्या सीटवर छबुबाईचा निळा रुमाल पसरलेला असायचा. आज रुमाल होता, पण तो छबुबाईच्या मुठीत होता, आणि शेजारच्या सीटवर मोसंब्यांची पिशवी मांडीवर घेतलेला एक म्हातारा आरामात बसला होता. खतीजानं म्हाताऱ्याकडं पाहिलं, मग छबुबाईकडं पाहिलं. छबुबाई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक रसवंती होती, तिचा चरक बंद होता, आणि त्याला टेकून एक माणूस मोबाइलवर बोलत होता. छबुबाई त्या माणसाकडं डोळ्याची पापणी न हलवता बघत होती.  वरच्या दांडीला हात घालून खतीजा उभी राहिली.

बसमधली जागा ती काय, आणि तिचं मनाला लावून घ्यायचं ते काय. गेवराईत खतीजाला सगळे ओळखतात. तहसीलमध्ये ती गेली की शिपाई बाकावरच्या माणसाला सरकायला सांगतो, ठाण्यात खुर्ची मिळते, दवाखान्यात सिस्टर लोक नावानं हाक मारतात. नवऱ्याचं, रईसचं, हायवेला मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं येणारी गिऱ्हाइकंसुद्धा आधी भाभीची चौकशी करतात आणि मग ब्रेकची, असं रईस जरा कौतुकानं आणि जरा कुरकुरीनं सांगतो. अशा बाईला तासाभराच्या रस्त्यात उभं राहावं लागलं म्हणून काय होतंय? पण गाडी सुटली, वळणावर अंग कलंडलं, आणि नजर पुन्हा त्या मुठीतल्या रुमालावर गेली. तिला सगळं ठाऊक होतं. जागा का धरली नाही, रुमाल मुठीत का आहे, त्या रसवंतीकडं एवढं टक लावून का बघणं चाललं होतं, सगळं ठाऊक होतं. थोडा वेळ माहीत नसल्यासारखं करावं, एवढीच तिची इच्छा होती. कंडक्टर आला तेव्हा तिनं सवयीनं दोघींचं तिकीट मागितलं. "त्या बाईंनी काढलंय त्यांचं," कंडक्टर म्हणाला.

दोघी ज्या शिबिराहून परतत होत्या ते तीन दिवसांचं होतं, आणि हे खतीजाचं तिसरं शिबिर. वस्तीवस्तीत, गल्लीगल्लीत लोकांची कामं करणाऱ्या बायांसाठी एका संस्थेनं वर्षभराचं शिक्षण काढलं होतं, आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्या बीडबाहेरच्या एका हॉलमध्ये जमायच्या. पहिल्यांदा आली तेव्हा खतीजाला वाटलं होतं, कायदे शिकवतील, अर्ज कसे लिहायचे, साहेबाशी कसं बोलायचं ते सांगतील. त्यातलं तिला सगळं येतच होतं, पण येतंय हे चार जणींत दाखवायला मिळेल म्हणून ती हौसेनं आली होती. तर शिवांजली म्हणून जी शिकवणारी पोरगी होती, लातूरकडची, वयानं खतीजाच्या लेकीहून, इरमहून, चार-सहा वर्षांनी मोठी असेल, तिनं सगळ्यांना सतरंजीवर गोल करून बसवलं आणि सांगितलं, "इथं कामाचं बोलायचं नाही. बायांची कामं तुम्ही करताच. इथं स्वतःचं बोलायचं." मध्ये एक नदीतला गोटा ठेवलेला. जिच्या हातात गोटा तिनं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, समजूतसुद्धा काढायची नाही. खतीजाला हे सगळं अजब वाटलं होतं. रडणाऱ्या बाईची समजूत काढायची नाही तर मग आपण इथं कशाला बसलोय? पहिल्याच दिवशी एक बाई हुंदके द्यायला लागली तशी खतीजा उठली आणि पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याकडं निघाली. "खतीजाआपा," शिवांजली हळूच म्हणाली, "तांब्या राहू द्या. त्यांना रडू द्या." ती परत येऊन बसली, पण हात काही केल्या मांडीवर ठरेनात. आधीच्या दोन्ही शिबिरांत गोटा तिच्याकडं आला तेव्हा ती हसून म्हणाली होती, "माझं काई न्हाई, माझं समदं चांगलंय," आणि गोटा पुढं दिला होता.

या खेपेला तिनं छबुबाईला आणलं होतं. प्रत्येकीनं आपल्या भागातली एक नवी बाई तयार करायची, असं ठरलं होतं. छबुबाई गेवराईच्या अलीकडच्या फाट्यावरच्या वस्तीत राहते, दरवर्षी दिवाळीनंतर ऊस तोडायला जाते, उन्हाळा लागता लागता परत येते. वस्तीतल्या बाया तिचं ऐकतात. ती बोलते कमी, पण बोलली की दुसऱ्या कुणाला बोलायचं उरत नाही. ती यायला तयारच नव्हती. "म्या काय बोलू तिथं शिकलेल्यांत?" मग एक दिवस स्वतःच म्हणाली, येते. काल नाही, आज सकाळी, हॉलच्या मागच्या नळावर तोंड धुताना पदरानं चेहरा पुसत तिनं खतीजाला सांगितलं होतं, "भाभी, आज म्या सांगते. त्ये दवाखान्यातलं." आणि तिनं पिशवीतलं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढून नेसलं होतं. लग्नाला नेसावं तसं. हे आठवलं आणि खतीजानं दांडीवरचा हात बदलला. हिरव्या लुगड्याचा पदर तिला आत्ताही म्हाताऱ्याच्या टोपीपलीकडं दिसत होता.

दवाखान्यातलं म्हणजे मागं कधीतरी जिल्ह्याच्या दवाखान्यात, छबुबाईच्या भाचीच्या बाळंतपणाला दोघी बाकड्यावर बसून होत्या तेव्हा तिनं सांगितलं होतं ते. छबुबाईचं पहिलं मूल साखर कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीत गेलं होतं, जन्मताच. सासूनं जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं आणि पहाटेच कुठल्यातरी फडाच्या बांधाला पुरून आली. तोंड दाखवलं नाही. दाखवलं तर बाई खुळावते म्हणे. छबुबाईनं सासूला एकच विचारलं होतं, "केस व्हते का?" सासू म्हणाली, "आता काय करायचंय तुला?" आणि दोन-तीन दिवसांनी ती परत मोळ्या बांधायला लागली. सासू मेली, नवरा गेला, आणि केस होते का ते कुणी सांगितलं नाही. एवढंच. एवढं सांगून छबुबाईनं पिशवीतली भाकरी काढून खाल्ली होती आणि खतीजालाही अर्धी दिली होती. "कुनाला बोलू नका," असंही ती म्हणाली नव्हती. म्हणायची गरज तिला वाटली नव्हती.

आणि आज गोटा खतीजाच्या हातात आला. गरम होता, आधीच्या बायांच्या हातांनी. सगळ्या तिच्याकडं बघत होत्या, आणि या वेळी "माझं समदं चांगलंय" म्हटलं तर ते खोटं वाटेल हे तिला कळत होतं. तिनं आत शोधलं. खरोखर शोधलं, कपाटात चावी शोधावी तसं. आत रेशनकार्डं होती, पोटग्या होत्या, कुणाचे दारुडे नवरे, कुणाच्या पळून आलेल्या लेकी, आफ्रीनचा तलाक, धुळाजीच्या म्हातारीची पेन्शन. सगळ्या गावाचं होतं, आणि त्या ढिगाऱ्यात आपलं म्हणावं असं काही हाताला लागेना. इतकी वर्षं ती दुसरीचं गाऱ्हाणं आपलं करूनच मांडत आली होती. त्याशिवाय काम होत नाही. साहेबापुढं "हिचं रेशन बंद झालंय" म्हटलं तर साहेब मान वर करत नाही; "आमी काय खायचं साहेब, आमच्या पोटाला काय बांधायचं" म्हटलं, डोळ्यात पाणी आणलं, तर सही होते. त्या सवयीनं तिचं तोंड उघडलं. सकाळपासून डोक्यात जे घोळत होतं तेच बाहेर आलं. "माझं पहिलं बाळ," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला लांबून ऐकू आला. दवाखाना गेवराईचा केला, सासूच्या जागी नणंद आली, धडप्याची ओढणी झाली. तोंड दाखवलं नाही. "मी विचारलं, केस होते का?" इथं समोरच्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. आणि मग खतीजानं, का कुणास ठाऊक, पुढचंही सांगितलं. "नणंद म्हणाली, काळेभोर होते. कपाळावर आलेले." एवढं बोलली आणि तिला रडू कोसळलं. असं रडू की छाती दुखायला लागली, नाक वाहायला लागलं, गोटा मांडीवरून सतरंजीवर पडला. वाण्याची उधारी असो की मयत असो, ज्या बाईच्या डोळ्याला कुणी खरं पाणी पाहिलं नव्हतं, ती सगळ्यांदेखत लहान पोरीसारखी रडली. सगळ्या बाया रडल्या. शिवांजलीसुद्धा रडली. मग कुणीतरी गोटा उचलून शेजारच्या छबुबाईच्या हातात दिला. छबुबाईनं तो थोडा वेळ दोन्ही हातांत धरला, वजन बघितल्यासारखा. "माझं काय न्हाई," ती म्हणाली आणि पुढं दिला.

नंतर जेवणाच्या रांगेत शिवांजलीनं खतीजाचे दोन्ही हात धरले. "आपा, आज तुम्ही उघडलात. मी याचीच वाट बघत होते. आता गेवराई तालुक्यातलं बायांचं असं वर्तुळ तुम्ही चालवायचं, मी कार्यालयात सांगते." याच गोष्टीसाठी खतीजा शिबिरांना येत होती, तालुक्याची जबाबदारी आपल्याला मिळावी, असं तिला मनापासून वाटत होतं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ती हसली. ताटात वांग्याची भाजी होती. छबुबाई ओट्याच्या टोकाला एकटी जेवत होती.

गाडीत उकडत होतं. खिडक्यांतून येणारं वारंही भट्टीतलं होतं. खतीजाला छबुबाईची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त त्या रडण्याची. गोष्ट उसनी होती, ते तिनं मनाशी कबूल केलं, पण रडू? ते कुठून आलं? खोटं रडणं काय असतं ते तिला चांगलं माहीत होतं, साहेबांपुढं तिनं ते भरपूर केलं होतं. त्यात छाती दुखत नाही. आणि मग दांडीला लोंबकळत असताना, पुढच्या सीटवरच्या बाईनं थर्मासचं झाकण उघडलं आणि चहाचा वास आला, तेव्हा तिला पाटोद्याचं माहेरचं घर आठवलं. आठवलं म्हणजे ती काही विसरलेली नव्हती; पण त्याकडं बघण्यासारखं काही आहे, असं कधी वाटलं नव्हतं. अम्मी गेली तेव्हा ती लहान होती, तिसरीत असेल. अब्बा, हबीब फळवाले, सीताफळांचा गाडा तसाच चौकात सोडून आले होते. मयतीच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या किराणावाल्या शिवगंगाकाकूंनी मोठ्या किटलीत चहा करून पाठवला होता. घर बायांनी भरलेलं, सगळ्या रडतायत, मामी भिंतीवर डोकं आपटतेय. अब्बा दाराशी आले, त्यांचा चेहरा कसातरीच झालेला, आणि त्यांना समोर तीच दिसली. "खतीजा, सबको चाय दे बेटा." तिनं किटली उचलली. जड होती, दोन्ही हातांनी धरावी लागत होती. एकेकीपुढं जाऊन ती कप भरत गेली, सांडू दिला नाही. शिवगंगाकाकू कुणालातरी म्हणाल्या, "लई खंबीर पोर हाय बघा. डोळ्यात टिपूस न्हाई." ते ऐकून तिला बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं होतं. आणि मग तिनं दुसरी फेरी सुरू केली. त्यानंतर रडायची वेळ काही आली नाही. एवढंच. यात दुःख ते काय, चहाच तर दिला. असलं गोट्याशी काय बोलायचं?

पाडळसिंगीला मोसंबीवाला म्हातारा उतरला. सीट रिकामी झाली. छबुबाईनं रुमाल टाकला नाही, आणि पिशवीही ठेवली नाही. खतीजा बसली. 

"छबुबाई, चुकलं माझं."

"कावून केलं वो भाभी?" छबुबाई खिडकीकडंच तोंड करून म्हणाली. "म्या सकाळीच सांगितलं व्हतं तुमाला. नळापाशी. का न्हाई?"

"सांगितलं व्हतं."

"मंग?"

"गोटा हातात आला, अन् माझ्यापाशी माझं असं काईच न्हवतं. तुमचंच तोंडात आलं."

छबुबाईनं आता मान वळवली. "तुमच्यापाशी काई न्हवतं? तुमाला ठाण्यात खुर्ची देत्यात. सायब लोक वळखत्यात. माझ्यापाशी काय हाय वो? माझ्यापाशी त्ये एकच व्हतं. इतकी वर्सं संबाळून ठिवलं, अन् तुमी दोन मिंटात समद्यांत वाटून टाकलं." ती ओरडली नाही. तिकिटाचे पैसे मोजून घ्यावेत तशा आवाजात बोलली. खतीजाला वाटलं, ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"तुमी रडलात," थोड्या वेळानं छबुबाईनं विचारलं, "त्ये तरी खरं व्हतं का?"

"खरं व्हतं. अल्ला की कसम. पर कशाचं व्हतं, त्ये तवा कळलं न्हाई."

छबुबाईनं मुठीतला रुमाल गुडघ्यावर पसरला, त्याची घडी घातली, पुन्हा उलगडला. "त्या लेकरासाठी म्या सोडून कुनीबी रडलं न्हवतं आजवर," ती म्हणाली. "आज समद्या रडल्या. मला वाटलं उठावं अन् सांगावं, बायांनो, माझं हाय त्ये, माझ्याकडं बघून रडा. पर गोटा तुमच्या हातात व्हता. बोलायचं न्हाई म्हनून सांगितल्यालं." मग ती अगदी व्यवहाराचं बोलावं तसं म्हणाली, "आता तुमचं सांगा. माझं घेतलं ना? तुमचं द्या."

खतीजानं किटलीचं सांगितलं. लाजत सांगितलं, मध्ये दोनदा "तसं काई न्हाई त्यात" असंही म्हणाली. अम्मी, भिंत, मामी, किटली, खंबीर पोर. सांगायला किती थोडं होतं ते पाहून तिला आणखीच ओशाळल्यासारखं झालं. छबुबाई ऐकत होती. तिनं "अरेरे" म्हटलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. शिबिराचा नियम तिला एकटीलाच नीट कळला होता, असं म्हणायचं.

"अन् तुमाला कुनी दिला?"

"काय?"

"च्या. समद्यांला तुमी दिला. तुमाला कुनी दिला त्या दिवशी?"

खतीजानं आठवून पाहिलं. किटली आठवली, तिचं काळं बूड, कानतुटके कप, मामीनं न पिता ठेवलेला चहा आणि त्यावरची साय. किटली शेवटी हलकी झाली होती, तेही आठवलं. स्वतःच्या हातात कप असलेला काही केल्या आठवेना. तिचे डोळे पुन्हा भरून आले. या वेळी कशासाठी ते तिला ठाऊक होतं. छबुबाईनं कंडक्टरला फाट्यावर बेल मारायला सांगितली. "उतरा," ती खतीजाला म्हणाली. खतीजाचं तिकीट गेवराईचं होतं. ती उतरली.

फाट्यावर लिंबाखाली उभं राहून तिनं शिवांजलीला फोन लावला. उद्या लावते असं म्हटलं असतं तर उद्याचा परवा झाला असता, हे ती स्वतःला ओळखून होती. छबुबाई दोन हातांवर पिशवी घेऊन उभी होती, ऐकत. "सकाळी मी जे सांगितलं ते माझं नव्हतं," खतीजा म्हणाली. "छबुबाईचं होतं. तिला सांगायचं होतं, मी आधी सांगून टाकलं."  पलीकडून शिवांजली म्हणाली, "आपा, मला आत्ता काय बोलावं कळत नाही. पुढच्या वेळी तुम्हीच सगळ्यांसमोर सांगा. आणि ते तालुक्याचं... ते आपण नंतर बघू." नंतर बघू म्हणजे काय, ते सगळ्या सरकारी कार्यालयांत उभी राहून आलेल्या खतीजाला कुणी समजावून सांगायला नको होतं. वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि छबुबाईच्या मागं वस्तीकडं चालू लागली.

छबुबाईनं तिला दारातल्या बाजेवर बसवलं आणि चूल पेटवली. धूर झाला. भगुण्यात पाणी उकळायला लागलं तशी खतीजा सवयीनं उठली, फळीवरचे कप घ्यायला हात पुढं केला. "बसा," छबुबाई मागं न बघता म्हणाली. खतीजा बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले, मग बाजेच्या कडेला, मग पुन्हा मांडीवर. छबुबाईनं चहा गाळला, काठोकाठ भरलेला कप आणून तिच्या हातात दिला आणि समोर उंबऱ्यावर टेकली. स्वतःसाठी घेतला नव्हता. खतीजा प्यायला लागली.

"साखर लई पडली," ती म्हणाली.

"पडू द्या. प्या."

तिनं सगळा संपवला. छबुबाईनं कप घेतला, पण उठली नाही. पदराच्या टोकानं कपाची कड पुसत राहिली. "भाभी," तिनं विचारलं, "तुमी तिथं म्हनलात, काळेभोर केस व्हते. कपाळावर आल्याले. त्ये कुठनं आनलं? म्या तर तसलं काई सांगितलं न्हवतं."

"असंच तोंडातून निघालं," खतीजा म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "खोटं हाय त्ये. पुढच्या बारीला मी सांगीन समद्यांला, खोटं हाय म्हनून."

"बाकीचं सांगा," छबुबाई म्हणाली. "तेवढं राहू द्या. म्या माझं सांगताना तसंच सांगनार हाय."